पेशव्यांची सनद हेगच्या कोर्टात!

सीमेचा वाद गावांचा असो वा राष्ट्रांचा, कायदा प्रत्येकालाच हवा असतो. पण आपल्या बाजूचा तेवढाच! एकाच देशाची एका सीमेवर एक भाषा आणि दुसऱ्या सीमेवर दुसरी भाषा का होते? पुण्याच्या तहापासून बेळगावपर्यंतची ही गोष्ट.

१ नोव्हेंबरला बेंगळुरातल्या चामराजपेटेत सकाळपासूनच लगबग असते. कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या-तांबड्या झेंड्यांच्या माळा, हार घातलेली भुवनेश्वरीदेवीची तसबीर आणि लाउडस्पीकरवर कन्नड गाणी. १९१५ साली स्थापन झालेल्या कन्नड साहित्य परिषदेचं घर याच पेटेत, पंपा महाकवी रस्त्यावर आहे. साहजिकच राज्योत्सवाचा उत्साह इथे जरा जास्तच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी निरनिराळ्या प्रांतांत विखुरलेले कन्नड मुलूख एका राज्यात आले, त्याचा हा आनंद.

त्याच दिवशी, त्याच राज्यात, सुमारे पाचशे किलोमीटरवरच्या बेळगावात मात्र मराठी माणूस दंडाला काळी फीत बांधून ‘काळा दिवस’ पाळतो. तारीख एक, राज्य एक, घटनाही एक. एकाचा सण, तर दुसऱ्याचं सुतक!

या दोन्हींच्या मधोमध सापडतात ती जुन्या बेंगळुरातली मराठी घरं. घरात मराठी, दारात कन्नड, असा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज. शेजारी कॉफीला आले आणि विषय बेळगावकडे वळला, की संवाद साधारण असा रंगतो.

‘‘रायरे,’’ शेजारी म्हणतात – ‘राव’चं हे आदरार्थी कानडी रूप – ‘‘महाजन आयोग मागितला कुणी? तुमच्याच सेनापती बापटांनी त्यासाठी उपोषण केलं ना? मग निकाल विरुद्ध गेल्यावर आयोग वाईट कसा झाला?’’

‘‘आणि तुम्हाला तर आयोगच नको होता!’’ घरचे आजोबा उसळून म्हणतात. ‘‘बेळगाव तुमच्याकडे ठेवल्याबरोबर त्याचा अहवाल वेदवाक्य झाला?’’

‘‘मग आता काय, शहाजीराजांची जहागीर म्हणून बेंगळूरही मागणार?’’

इथे सगळे हसतात. कॉफीचे पेले रिकामे होतात आणि विषय मुलांच्या परीक्षांकडे वळतो.

पण हसण्यावारी नेलेला तो शेवटचा प्रश्न खरं तर फार गंभीर आहे. जुन्या जहागिरीच्या कागदावर आज जमीन मागता येते का? हा प्रश्न एकदा जगातल्या सर्वोच्च न्यायालयासमोर आला होता. आणि तिथे मांडलेला कागद होता चक्क मराठ्यांचा!

जहागीर म्हणजे राज्य नव्हे

आधी बेंगळूरचंच पाहू. १६३८ साली विजापूरच्या फौजेनं हे शहर केंपेगौडांच्या वंशजाकडून घेतलं आणि पुढे ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं. शिवाजीमहाराजांच्या लहानपणाचा काही काळ इथे गेला. शहाजीराजांनंतर जहागीर एकोजीराजांकडे आली. तंजावर हाती आल्यावर एकोजींना बेंगळूर सांभाळणं जड जाऊ लागलं. म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांना ते तीन लाखांना विकण्याची बोलणी चालू होती, तोच १६८७ साली मुघलांनी शहर घेतलं आणि मग त्यांनीच ते वडियारांना दिलं. पुढे हैदर, टिपू, इंग्रज. टिपूचा लाकडी महाल आजही चामराजपेटेच्या अंगणात म्हणावा इतक्या जवळ उभा आहे. आता यातला कुठला कागद ‘खरा’ मानायचा? प्रत्येक वारसाला आपल्या आजोबांचाच काळ खरा वाटणार!

असाच एक कागद मराठ्यांनी पोर्तुगीजांना दिला होता. १७७९ साली पुण्यात पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. दमणच्या पोर्तुगीजांना ठराविक उत्पन्नाची गावं द्यायची, असं त्यात ठरलं. त्यानुसार १७८३ आणि १७८५ मध्ये सनदा निघाल्या आणि दादरा व नगर हवेलीची गावं पोर्तुगीजांकडे गेली. उत्पन्न होतं वर्षाला बारा हजार रुपयांचं. गावं दमणपासून आत, चहूबाजूंनी मराठी मुलखानं वेढलेली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, भोवतालचा मुलूख इंग्रजांचा झाला; १९४७ मध्ये इंग्रज गेले, भोवताली स्वतंत्र भारत आला. या गावांत मात्र पोर्तुगालचा झेंडा तसाच फडकत राहिला.

१९५४ च्या पावसाळ्यात तो उतरला. जुलैच्या उत्तरार्धात दादरा मुक्त झालं आणि २ ऑगस्टला सिल्वासा. हे काम भारतीय लष्कराचं नव्हतं. ते केलं गोव्याच्या आणि महाराष्ट्राच्या स्वयंसेवकांनी. त्यांत संगीतकार सुधीर फडके होते. या लढ्याला पैसा उभा राहावा म्हणून लता मंगेशकरांनी पुण्यात गाणं केलं, ही आठवण मराठी घरांतून अजून सांगितली जाते. भारत सरकारनं सैन्य पाठवलं नाही. पण दमणहून निघू पाहणाऱ्या पोर्तुगीज कुमकेला आपल्या मुलखातून वाटही दिली नाही. पोर्तुगाल म्हणालं, ‘आमची वाट अडवली!’ आणि प्रकरण नेदरलँड्समधल्या हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं.

सभासद झाले आणि आठवड्यात दावा

न्यायालयात जाण्याची पोर्तुगालची घाई बघण्यासारखी होती. १४ डिसेंबर १९५५ रोजी तो देश संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला. १९ डिसेंबरला त्यानं हेगच्या न्यायालयाचा अधिकार मान्य केल्याचं जाहीर केलं आणि तिसऱ्याच दिवशी, २२ तारखेला, भारताविरुद्ध दावा ठोकला. म्हणजे दाराचं कुलूप उघडलं ते केवळ शेजाऱ्यावर फिर्याद करण्यासाठी!

पण भारतही काही कमी नव्हता. भारतानं सहा प्राथमिक हरकती घेतल्या. सगळ्यांचा सारांश एकच – या न्यायालयाला हा खटला चालवण्याचा अधिकारच नाही. सीमेच्या वादात अडचणीत येणारा प्रत्येक पक्ष पहिल्यांदा हेच म्हणतो. हे वाक्य लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा भेटणार आहे. न्यायालयानं १९५७ मध्ये चार हरकती फेटाळल्या आणि उरलेल्या दोन मूळ दाव्याबरोबर ऐकायचं ठरवलं.

मग हेगमध्ये जे घडलं ते एखाद्या तालुका कचेरीत शोभावं असं होतं. तहाचे वेगवेगळे मसुदे समोर आले. सनदेतले शब्द तपासले गेले. ‘सरंजाम’ आणि ‘जहागीर’ म्हणजे नेमकं काय, यावर जगभरचे न्यायाधीश डोकं खाजवू लागले. भारताचे वकील म्हणत होते, तह नीट पुरा झालेलाच नाही. आणि झाला असला तरी पेशव्यांनी दिला तो महसूल, राज्य नव्हे. पोर्तुगाल म्हणत होतं, गावं दिली म्हणजे राज्यच दिलं. मराठ्यांच्या कागदाची थोरवी पोर्तुगीज गात होते आणि मराठ्यांचा देश तो कागद अपुरा ठरवत होता. कोर्टाची गरज माणसाला कुठे नेऊन बसवील, सांगता येत नाही!

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. मराठे स्वतः तह पाळत होते, तेव्हा तो झालाच नाही असं म्हणता येणार नाही, असं न्यायालयानं सांगितलं. मात्र सनदांनी दिला तो फक्त महसुलाचा हक्क, सार्वभौम सत्ता नव्हे. चामराजपेटेतल्या त्या थट्टेला हे अगदी अधिकृत उत्तर आहे. जहागीर म्हणजे राज्य नव्हे!

पण न्यायालय तिथेच थांबलं नाही. पेशवाईनंतर इंग्रजांनी ही गावं पोर्तुगीजांचीच मानली आणि पुढे भारतानंही तसंच वागून ते स्वीकारलं, असं न्यायालयाला दिसलं. शिवाय सव्वाशे वर्षं दमणचे लोक, मुलकी अधिकारी आणि माल मधल्या मुलखातून ये-जा करत होता. आपल्या खेड्यांत शेजाऱ्याच्या शेतातून वहिवाटीची वाट असते, तशी ही वहिवाट. दोन राष्ट्रांमध्येही अशी वहिवाट हक्क ठरू शकते, हे या खटल्यानं जगाला शिकवलं. म्हणून ११ विरुद्ध ४ मतांनी ठरलं की माणसं आणि माल नेण्याचा हक्क पोर्तुगालला होता. सैनिक, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं नेण्याचा हक्क मात्र नव्हता. हे ठरलं ८ विरुद्ध ७, अवघ्या एका मतानं. आणि १९५४ च्या तंग वातावरणात वाट बंद करताना भारतानं आपली मर्यादा ओलांडली नाही, हे ठरलं ९ विरुद्ध ६ मतांनी.

अशा खटल्यात प्रत्येक पक्षाला आपला एक न्यायाधीश बसवता येतो. भारतातर्फे होते मुंबई हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश एम. सी. छगला. त्यांनी आणि पोर्तुगालच्या न्यायाधीशांनी, दोघांनीही भिन्नमतपत्रिका लिहिल्या. एकाला वाटलं पोर्तुगालला फार दिलं, दुसऱ्याला वाटलं फार थोडं दिलं. न्यायाच्या आसनावर बसल्यावरही घरचा ओढा पुरता सुटत नाही, तो असा.

या सगळ्यात दादरा-नगर हवेलीची माणसं कुठे होती? सात वर्षं ती ना पोर्तुगालच्या ताब्यात होती, ना कायद्यानं भारतात. कारभार पाहत होती स्थानिक ‘वरिष्ठ पंचायत’. अखेर ऑगस्ट १९६१ मध्ये के. जी. बदलानी या भारतीय सनदी अधिकाऱ्याला तिथलं पंतप्रधानपद देण्यात आलं, ते विलीनीकरणाच्या करारावर पंडित नेहरूंच्या सहीशेजारी सही करण्यापुरतं! कायद्याचा मान राखायचा म्हणून कायद्यानंच शोधून काढलेली ही पळवाट.

चोराच्या उलट्या बोंबा, पण कुणाच्या?

त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. या वेळी भारतीय सैन्य गेलं. लगेच १८ डिसेंबरला सुरक्षा समिती बसली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी ठराव आणला – गोळीबार थांबवा, फौजा मागे घ्या. ठरावाच्या बाजूनं सात मतं, विरुद्ध चार. सोव्हिएत युनियनच्या व्हेटोमुळे ठराव पडला.

अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडलाय स्टिव्हन्सन यांनी तर राष्ट्रसंघाच्या अंताची ही सुरुवात ठरेल, अशी भीती घातली. पण अवघ्या आठ महिन्यांपूर्वी, एप्रिल १९६१ मध्ये, क्यूबावर निर्वासितांची फौज चालून गेली होती, ती अमेरिकेनंच तयार केलेली. आणि आपल्या देशाचा त्यात हात नाही, असं राष्ट्रसंघात सांगणारे हेच स्टिव्हन्सन होते. ब्रिटन आणि फ्रान्सनं तर १९५६ मध्ये सुएझ कालव्यासाठी इजिप्तवर हल्ला केला होता आणि आपल्याविरुद्धचे ठराव स्वतःच्याच व्हेटोनं पाडले होते.

आपलीही बाजू तपासली पाहिजे. भारताचं म्हणणं होतं – गोवा ही साडेचारशे वर्षांची वसाहत आहे, वसाहत ठेवणं हेच मुळी चालू असलेलं आक्रमण, आणि १९६० च्या डिसेंबरात राष्ट्रसंघानंच वसाहती संपवण्याची हाक दिली आहे. नैतिकदृष्ट्या हे खणखणीत नाणं होतं. चौदा वर्षं वाट पाहिली होती, सत्याग्रहींनी गोळ्या खाल्ल्या होत्या. तरीही राष्ट्रसंघाच्या सनदेत बळाचा वापर करू नये असं कलम आहे आणि जगाला शांततेचा उपदेश करणाऱ्यांत भारत पुढे होता, हे नाकारता येत नाही. आपली बाजू न्यायाची होती. पण ‘आमची बाजू न्यायाची आहे’ असं न म्हणणारा देश अजून जन्माला यायचा आहे!

पोर्तुगालची पुढची कहाणी तर आणखी बोलकी आहे. १९५१ मध्ये घटना बदलून त्यानं वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ असं गोंडस नाव दिलं. प्रांतच म्हटल्यावर स्वयंनिर्णयाचा प्रश्न कुठला? १९७४ मध्ये तिथली हुकूमशाही कोसळली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालनं गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. वर्षभरानं इंडोनेशियानं पोर्तुगालच्या ताब्यातला पूर्व तिमोर बळकावला. मग १९९१ मध्ये पोर्तुगाल पुन्हा हेगच्या पायऱ्या चढलं. तिमोरच्या समुद्रातल्या तेलासाठी इंडोनेशियाशी करार करणारा ऑस्ट्रेलिया प्रतिवादी होता. आणि पोर्तुगालचा मुद्दा? तिमोरच्या जनतेचा स्वयंनिर्णयाचा हक्क! गोव्यात जो शब्द ऐकायला कान तयार नव्हते, तोच आता ओठांवर होता. इंडोनेशिया हजर नसल्यानं १९९५ मध्ये न्यायालयानं निवाडा नाकारला. पण स्वयंनिर्णयाचा हक्क साऱ्या जगावर बंधनकारक आहे, हे मात्र नोंदवून ठेवलं. तिमोर २००२ साली स्वतंत्र झाला.

ब्रिटनचं तेच. १९८२ मध्ये फॉकलंड बेटांवर अर्जेंटिनानं हल्ला केला, तेव्हा तिथल्या दोन हजारांच्या आतबाहेर लोकांच्या इच्छेसाठी ब्रिटननं आठ हजार मैलांवर आरमार धाडलं. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवरही साधारण तेवढेच लोक राहत होते. त्यांना मात्र १९६८ ते १९७३ च्या दरम्यान कोणतीही इच्छा न विचारता ब्रिटननं हलवलं, कारण दिएगो गार्सियावर अमेरिकेला तळ हवा होता.

सही मोठी की लोक मोठे?

आपल्या उपखंडात हा खेळ स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्षापासून चालू आहे. जुनागढच्या नवाबानं पाकिस्तानात जाण्याचा कागद केला. पाकिस्तान म्हणालं, राजाची सही झाली, विषय संपला. भारत म्हणाला, लोक काय म्हणतात ते पाहा. आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये तिथे सार्वमत घेतलं. दरम्यान २६ ऑक्टोबर १९४७ रोजी काश्मीरच्या महाराजांनी भारतात सामील होण्याच्या कागदावर सही केली. आता पाकिस्तान म्हणू लागलं, लोकांना विचारा! भारत म्हणाला, सही कायदेशीर आहे. भारतानं लोकांचा कौल घेण्याची तयारीही तेव्हा दाखवली होती, आणि त्याआधी आपली माणसं मागे घेण्याची अट पाकिस्ताननं पाळली नाही, हेही खरं. पण दोन संस्थानांत दोन्ही देशांनी जागा कशा अदलाबदल केल्या, ते लपत नाही.

न्यायालयाच्या अधिकाराचंही तसंच. ऑगस्ट १९९९ मध्ये कच्छच्या सीमेवर भारतानं पाकिस्तानी नौदलाचं विमान पाडलं, तेव्हा पाकिस्तान हेगला गेलं. भारत म्हणाला, या न्यायालयाला अधिकार नाही. आणि जून २००० मध्ये न्यायालयानं ते मान्य केलं. २०१७ मध्ये कुलभूषण जाधव यांना फाशीची शिक्षा झाली, तेव्हा त्याच न्यायालयाचं दार भारतानं ठोठावलं. ‘अधिकार नाही’ हे वाक्य आता पाकिस्तानच्या वाट्याला आलं! २०१९ मध्ये १५ विरुद्ध १ अशा मतांनी निकाल भारताच्या बाजूनं लागला, तेव्हा आपल्या घराघरांत समाधानाचा सुस्कारा सुटला. त्या दिवशी आंतरराष्ट्रीय कायदा आपल्याला केवढा थोर वाटला होता, आठवा!

मग हा कायदा म्हणजे निव्वळ थोतांड समजायचं का? तसं नाही. त्याची खरी परीक्षा निकाल बाजूनं लागतो तेव्हा होतच नाही. ती होते हरल्यावर.

हरल्यानंतरची सही

१९६५ मध्ये कच्छच्या रणावरून भारत-पाकिस्तानात चकमकी झाल्या. वाद लवादाकडे गेला. फेब्रुवारी १९६८ मध्ये लवादानं वादग्रस्त प्रदेशाचा सुमारे दहावा हिस्सा पाकिस्तानला दिला. देशात संताप उसळला, संसदेत वादळ उठलं, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. पण शब्द दिला होता. भारतानं तो पाळला. जुलै २०१४ मध्ये बंगालच्या उपसागरातल्या सुमारे २५ हजार चौरस किलोमीटरच्या वादात लवादानं १९ हजारांहून अधिक बांगलादेशला दिले. तेही भारतानं मान्य केलं. दोनच वर्षांनी, जुलै २०१६ मध्ये, दक्षिण चिनी समुद्राचा निवाडा फिलिपाइन्सच्या बाजूनं लागला, तेव्हा चीननं तो सरळ धुडकावला. बांगलादेशपुढे झुकून भारताचं काय गेलं? समुद्राचा एक तुकडा. काय मिळालं? चीनला ‘निवाडा पाळा’ असं सांगण्याचं तोंड!

वाटेच्या हक्काचंही वर्तुळ असंच पुरं झालं. १९५४ मध्ये वाट अडवणाऱ्या भारतानं १९९२ मध्ये आपल्याच मुलखातून ‘तीन बिघा’ नावाची चिंचोळी वाट बांगलादेशला वापरायला दिली. चहूबाजूंनी भारतानं वेढलेल्या दहाग्राम-अंगरपोता गावांतल्या लोकांसाठी. करार १९७४ चा, वाट उघडली अठरा वर्षांनी. आणि ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री दोन्ही देशांनी एकमेकांच्या पोटात अडकलेल्या १६२ वसाहती अदलाबदल केल्या, तेव्हा हजारो माणसांना जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या देशाचा पत्ता मिळाला.

महाराष्ट्रानंही एकदा असा कडू घोट गिळलेला आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात कौल घेतला गेला. ३४ हजारांच्या मताधिक्यानं गोवेकरांनी महाराष्ट्रात जायला नकार दिला. भाषा, इतिहास, नातीगोती यांचे आपले सगळे दाखले होते. पण लोकांनी ‘नाही’ म्हटलं आणि महाराष्ट्रानं ते ऐकलं. त्यामुळे गोव्याशी आपलं नातं तुटलं का? उलट जपलं गेलं!

बेळगावचा आरसा

आता पुन्हा त्या कॉफीच्या पेल्याकडे येऊ. ऑक्टोबर १९६६ मध्ये केंद्रानं नेमलेल्या सीमा आयोगाचे मेहेरचंद महाजन म्हणजे अजब योगायोगाचे धनी! १९४७ मध्ये पंजाबची फाळणी करणाऱ्या रॅडक्लिफ यांच्या आयोगात ते होते; काश्मीरच्या महाराजांनी सही केली तेव्हा तिथले पंतप्रधानही तेच होते. सीमा आखणं त्यांच्या कपाळावरच लिहिलेलं होतं म्हणायचं.

महाराष्ट्राची मागणी होती ८१४ गावं, शिवाय बेळगाव, निपाणी, कारवार. तत्त्व सरळ – गाव हा घटक, सलगता आणि भाषिक बहुमत. १९६७ च्या अहवालानं निपाणी, खानापूरसह २६४ गावं महाराष्ट्राला आणि अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूर भागातली २४७ गावं कर्नाटकाला सुचवली. बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवलं. महाराष्ट्रानं अहवाल नाकारला. कर्नाटक तेव्हापासून म्हणतं – महाजन अहवाल हाच शेवटचा शब्द. त्याच अहवालात चंद्रगिरी नदीच्या उत्तरेचा कासरगोडचा भाग कर्नाटकाला द्यायला सांगितला होता. तिथे केरळनं मान डोलावली नाही. म्हणजे जो अहवाल बेळगावात कर्नाटकाची ढाल, तोच कासरगोडात त्याची न वटलेली हुंडी!

२००४ मध्ये महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला. कर्नाटकाचा बचाव काय आहे? राज्यांच्या सीमा ठरवणं संसदेचं काम, कोर्टाला अधिकार नाही. ओळखीचं वाक्य ना? वीस वर्षं उलटली, पण निकाल नाही. २०१२ मध्ये कर्नाटकानं बेळगावात विधानसौध बांधून घेतलं, २०१४ मध्ये शहराचं नाव अधिकृतपणे ‘बेळगावी’ केलं. तीही वहिवाटच तयार करणं आहे.

आपल्याही पदरात डोकावलं पाहिजे. कन्नड बहुसंख्य असलेली आपल्या बाजूची गावं देण्याची तयारी महाराष्ट्रानं दाखवली होती, ही जमेची बाजू. पण आपणच ज्या आयोगासाठी आग्रह धरला, त्याचा निकाल आवडला नाही म्हणून नाकारला, या टोमण्याला आपल्याकडे तर्काचं उत्तर असलं तरी सोपं उत्तर नाही. अहवालानं एकच तत्त्व सगळीकडे लावलं नाही, हे आपलं म्हणणं रास्त आहे. मात्र ते रास्त ठरतं आपण स्वतः सगळीकडे एकच तत्त्व लावलं तरच.

त्याची सुरुवात नकाशाची रेघ हलण्यापूर्वीही करता येते. देशात १९५६ पासून असं धोरण आहे, की एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक असतील, तर सरकारी सूचना आणि नियम त्यांच्याही भाषेत मिळावेत. खानापूरच्या मराठी शेतकऱ्याला उतारा मराठीत हवा असतो, तेव्हा तो हेच मागत असतो. मग जतच्या कानडी शेतकऱ्याला त्याचा कागद कानडीत मिळतो का, हा प्रश्न मुंबईत कुणी विचारावा? आपणच! आणि निपाणीच्या मराठी शाळेतल्या मास्तरांच्या रिकाम्या जागेची चौकशी बेंगळुरात कुणी करावी? चामराजपेटेतल्या त्या शेजाऱ्यांनी!

राष्ट्रं काय किंवा राज्यं काय, कायद्याचं पुस्तक हवं त्या पानावर उघडतात आणि नको ते पान चिकटवून टाकतात. पण हेगच्या न्यायाधीशांनी पेशव्यांची सनद बाजूला सारून शेवटी कशावर बोट ठेवलं होतं? सव्वाशे वर्षं त्या वाटेनं रोज ये-जा करणाऱ्या माणसांवर. कागद कुणाचाही असो, वाट तीच माणसं चालतात.

पुढच्या १ नोव्हेंबरला चामराजपेटेत पुन्हा पिवळे-तांबडे झेंडे लागतील, बेळगावात पुन्हा काळ्या फिती निघतील. कॉफीही होईल आणि वादही. त्या वेळी आजोबांनी शेजाऱ्यांना एवढंच विचारून पाहावं – ‘‘तुमच्या बेळगावला लावता तो नियम तुमच्या कासरगोडला लावाल का? मी माझ्या बेळगावचा नियम माझ्या जतला लावायला तयार आहे.’’

उत्तर लगेच मिळणार नाही. पण प्रश्न खरा असेल, तर शेजारी दुसऱ्या पेल्यासाठी बसतील.